रुमालाखालचा भाव

मंगळवेढा, वाड्यावरनं
३ मार्च २०२५

भावजी,

चांगभलं लिहून सुरवात करणार हुते, पण राग आलाय. उतरला तर शेवटाला लिहीन.

फोनात माझा नंबर अडवून ठेवलाय तुमी. चौघांच्या फोनवरनं लावून बघितला, माझा आवाज आला की कट. म्हणून हा कागद श्रीपूरला, कारखान्याच्या गेटासमोर धोंडिरामच्या हाटेलच्या पत्त्यावर टाकतीय. धोंडिरामचा चहा पोटात गेल्याबिगर तुमचा दिवस उगवत न्हाय, हे मला म्हाईत हाय की. कागद काय कट करता येत न्हाय. फाडायचा असंल तर वाचून फाडा. पाकीट फोडायला तुमाला तरास हुईल, उजव्या हाताची दोन बोटं न्हायत, म्हणून डिंक थोडाच लावलाय.

निम्मी मेंढरं हाकलून निघून गेलासा, चहासुदिक न घेता. तुमचं थोरलं भाऊ गेल्यावर बी आपुन एकाच वाड्यात मेंढरं ठेवली. माझी-तुझी केली न्हाय. माझी तुमी इकायची, तुमची मी राखायची. आन आता एका रविवारापायी वाडा फुटला. लोकं तुमाला काय सांगून गेली ते मला ठावं हाय. "बिऱ्या, वयनीनं बाजारात तुझं नाक कापलं." सांगणाऱ्यानं तिखट-मीठ लावलंच असणार. आता माझ्याकडनं बिनमिठाचं ऐका.

तुमी मेव्हण्याच्या लग्नाला अक्कलकोटकडं गेल्ता. हितं कडबा सरत आला, उन्हाळा तोंडावर. चार एडकं इकल्याबिगर बाकीच्यांच्या तोंडात काय पडत न्हवतं. तुमी लग्न सोडून कुटं येणार? म्हणून टेम्पोत घातली आन सांगोल्याच्या बाजारात नेली.

तितं सिद्रामप्पा आला, तुमी कायम ज्याला माल देता त्योच हेडी. एडक्याचं दात बघितलं, पाठ दाबली, आन खांद्यावरचा रुमाल काढून सवयीनं माझ्या म्होरं धरला. मी बी आत हात घालायला गेले. तवा त्याच्या ध्यानात आलं, म्होरं बाई हाय. इंचू चावल्यागत हात मागं घेतला.

"अक्का, गडीमाणूस कुटं हाय?"

म्हणलं, "गडीमाणूस लग्नाला गेलाय. मेंढरं माझी हायत. तू बोल."

"बोलायचं कसं? भाव बोटानं सांगायचा असतो. बाईचा हात धरला तर माझी बायको मला घरात घ्यायची न्हाय."

भावजी, तुमचा जलम गेलाय त्या रुमालाखाली, तुमाला त्यात काय वाटायचं न्हाय. पण माझं बघा. मेंढरू माझं, त्याला पावसात छातीशी धरून जगवलं मी, आन त्याचा भाव दोन गडी फडक्याखाली हात घालून, बोटं दाबून ठरवणार. एक बोट म्हंजी हजार, पंजा म्हंजी पाच हजार, एवढं मला बघून बघून कळतं. पण कुणी किती बोटं दाबली ते शेजारच्यालाच दिसत न्हाय, तर घरी बसलेल्या बाईला काय दिसणार? अडतीत ज्वारीचा लिलाव भर चौकात वरडून हुतो. ज्वारीला लाज वाटत न्हाय, मग मेंढराला कशाची?

म्हणलं, "तोंडानं बोल."

"तोंडानं बोललं तर बाजार बसंल, अक्का. ह्याचं त्यानं ऐकलं, त्याचं ह्यानं."

"बसू दे. उभा राहून कुणाचं भलं केलंय त्यानं?"

आन मी वरडले. एका एडक्याचं अठरा हजार!

सगळ्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. मग सगळे हसले. कुणी एक बी एडका घेतला न्हाय. चारी परत आणली. बाजारातनं मेंढरू परत आणणं म्हंजी मांडवातनं पोरगी परत आणल्यागत, हे मला बी कळतं. टेम्पोत मी रडले.

पण ह्यात तुमचं नाक कुटं आलं? तुमी नव्हता म्हणून मी बोलले. तुमी असता तर गप बसले असते. (ही वळ खोडू का ठिवू कळंना. ऱ्हाऊद्या.)

राग उतरला न्हाय.

तुमची वयनी
मायाक्का


मंगळवेढा
१७ मार्च २०२५

भावजी,

निम्मा राग उतरलाय, म्हणून निम्मं चांगभलं.

उत्तर आलं न्हाय. धोंडिरामला फोन केला तर म्हणाला, "कागद दिला अक्का, खिशात घालून गेला." म्हंजी फाडला न्हाय. बरं केलंत.

घरची खबर. तुमच्या विजयमालानं चूल येगळी मांडलीय. नवऱ्याच्या बाजूनं भांडायला पाहिजे म्हणून माझ्याशी बोलत न्हाय. पण पिठलं केलं की एक वाटी माझ्या उंबऱ्यावर ठेवते आन खोकते. मी बी तिच्या उंबऱ्यावर ताक ठेवते आन खोकते. परवा आशाताई आली, म्हणाली दोघींचा थुंका तपासायला पाठवा, वस्तीवरच्यांनी सांगितलं दोन्ही बायका दिवसभर खोकत्यात. पोरं शाळेला जात्यात. धाकटा रोज इचारतो, आप्पा कवा येणार. मी सांगते, तुझ्या आप्पालाच इचार.

आता बाजाराचं. पयल्या रविवारी हसले म्हणून मी घरात बसंन असं वाटलं व्हय तुमाला? शिवलिंगप्पा अडतवाल्याकडनं लटकता काटा मागून आणला. म्हणलं, वजन सांगू, मग भाव सांगू, म्हंजी कुणाला हसायला जागा उरायची न्हाय. लिंबाच्या फांदीला काटा टांगला, पाळण्यागत फडकं बांधलं आन एडका आत घातला. त्यो काय बाळ हाय गप पडायला? आशा लाथा झाडल्या की काटा फिरून सिद्रामप्पाच्या डोसक्यात, टोपी लेंड्यात. बाजार पोट धरून हसला, पण ह्या येळंला माझ्यावर न्हाय.

टोपी झटकत सिद्रामप्पा म्हणतो, "मेंढरू काय कांदा हाय, किलोवर इकायला?"

म्हणलं, "कांदा बरा की रं. त्याचा भाव निदान टीव्हीवर तरी सांगत्यात."

मी भाव कसा काढला ते सांगते, कारण तुमी म्हणणार वयनीनं हवेत आकडा फेकला. कडबा धरला. पेंड, मीठ, जंताचं औषध, लस टोचणाऱ्याचं पेट्रोल धरलं. मग राखणाऱ्याची मजुरी धरायला गेले आन माझं मलाच हसू आलं. माझी मजुरी आजवर कुणी धरलीच न्हवती, मी बी न्हाय. दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले असते तर जे मिळालं असतं, त्याच्या निम्मी धरली. पुरी धरायची लाज वाटली. तरी आकडा अठराच्या खाली येईना.

तर झालं असं. कुंभारीकडं हाटेल असलेला एक जण, विरेश नावाचा, बाजारात हिंडत हुता. माझं वरडणं ऐकून सरळ चालत आला. म्हणाला, "ताई, मला ती बोटांची भाषा येत न्हाय. दर येळंला दलाल घालतो, त्यो त्याचं काढून घेतो. तुमी तोंडानं सांगताय, बरं वाटलं. पण अठरा जास्त हायत." मग तोंडानं घासाघीस झाली, सगळ्यांच्या देखत. मी उतरले, त्यो चढला. सोळानं दोन गेली. भंडारा लावला, आपल्या रीतीनं पाठीवरची चिमूटभर लोकर काढून ठेवली आन दावणीतनं सोडली. सिद्रामप्पा बघत हुता. घरी येताना मी गाणं म्हणत आले, टेम्पोवाला साक्षी हाय.

एक इचारते. दिवाळीनंतर असलीच दोन एडकं तुमी बारा-बारानं इकली म्हणून सांगितलं हुतं. भाव पडलाय म्हणालासा. पडला असंल. सहज आठवलं म्हणून लिहिलं. मनात काय न्हाय.

मायाक्का


मंगळवेढा
७ एप्रिल २०२५

भावजी,

मनात काय न्हाय म्हणून लिहिलं, ते खोटं हुतं.

गेलं दोन रविवार मी बाजारात दहा जणांना इचारलं. दिवाळीनंतर भाव पडला न्हवता. तसल्या एडक्याला पंधरा येत हुतं. तुमी मला बाराच दिलं. त्याच्या आदी उन्हाळ्यात बी तेच, कोकरांना बी तेच. दर सौद्यात आपला माल बाजारापेक्षा खाली. मग वरचं कुटं गेलं, भावजी?

मी नवरी हून वाड्यात आले, माझ्या मागं तुमी करवला म्हणून मिरवलासा तवा तुमच्या वठावर मिसरूड न्हवतं. तुमचं थोरलं भाऊ गेलं तवा रानात माझ्याआदी तुमी आडवं पडून रडलासा. त्या माणसाला असलं इचारायची पाळी माझ्यावर यावी, ह्यापरीस एखादं मेंढरू लांडग्यानं नेलेलं बरं.

मी हे मोठ्यानं पुटपुटत हुते ते विजयमालानं ऐकलं. खोकणं टाकून थेट अंगणात आली. तिला एवढं बोलताना मी कवाच बघितलं न्हाय.

"माझ्या नवऱ्यानं खाल्लं म्हणता? खाल्लं असतं तर माझ्या कानात फुलं तरी आली असती! आमची मेंढरं बी तेवढ्यालाच गेली की! तुमच्या संगं आमची बी, एकाच टेम्पोतनं, एकाच भावानं. इचारा टेम्पोवाल्याला!"

इचारलं. खरं हाय. तुमची मेंढरं तर माझ्याहून तगडी हुती, ती बी बाराला.

आता मी येडी हुयाची बाकी हाय. चोर सुदिक स्वतःच्या घरात चोरी करत न्हाय. मग ह्यो कसला यवहार? कुणाचं देणं हुतं का? कुणी दम दिलता का? कुणी बाजारात तुमाला धरून ठेवलंय का? मला सांगा. मी मोठी हाय तुमच्यापेक्षा, सांगून बघा.

एक वळ लिवा. शिवी लिवा पायजे तर. पण लिवा. न्हायतर मी माझ्या मनानं जे ठरवीन ते तुमच्या बाबतीत वंगाळच असंल, आन मला ते ठरवायचं न्हाय.

मायाक्का


मंगळवेढा
१९ मे २०२५

भावजी,

आज पयल्या वळीलाच चांगभलं. बिरोबाच्या नावानं, तुमच्या बी नावानं.

काल बाजारात सिद्रामप्पा मला म्हणाला, "अक्का, च्या घे." तसं कवा म्हणला न्हवता. ईद जवळ आलीय, बाजार तापलाय, आन त्याला माझा माल पायजे हुता, म्हणून असंल. लिंबाखाली बसलो. मी म्हणलं, "एक खरं सांग. माझ्या दिराला तू कायम खालचा भाव का द्यायचास?"

त्यो बशीत फुंकत बसला. मग म्हणाला, "मी देत न्हवतो अक्का, त्यो घेत हुता. मी खालनंच सुरू करतो. धंदा हाय माझा. म्होरचा गडी माझी बोटं दाबून वाढवतो, मी कमी करतो, असं चालतं. तुझा दीर आदी लई चिवट हुता. अर्धा अर्धा तास हात सोडायचा न्हाय. मग ती कडबाकुट्टीत त्याची बोटं गेली. तवापासनं रुमालात हात घातला की मी पयला आकडा दाबतोय न दाबतोय तवर 'व्हय व्हय' म्हणून हात काढून खिशात. मला वाटलं आज घाई असंल. पुन्यांदा बी तसंच. मग मला बी सवय लागली. एकदा मलाच वंगाळ वाटलं, म्हणलं वाढवून द्यावं. पण हात आतच न्हवता, दाबू कुटं?"

मी च्या तसाच ठेवून उठले. मेंढरांत जाऊन उभी राहिले. बाजारात रडायचं न्हाय असं ठरवलं हुतं, ते मोडलं.

भावजी, मी तुमाला चोर म्हणाले. कागदावर म्हणाले, आन मनात त्याहून जास्त म्हणाले. मोठी असून माफी मागते. पाया पडायचं आमच्यात उलटं चालत न्हाय, न्हायतर श्रीपूरला येऊन पडले असते.

आन माफी मागून झाल्यावर रागवते बी. मला सांगायचं न्हवतं व्हय? दोन बोटांची लाज, आन ती कुणाची, त्या हेड्यांची? घरात त्याच हातानं तुमी भाकरी मोडता, पोराला उचलता, अडलेली मेंढी सोडवता. आमी कवा त्या हाताकडं बघितलं बी न्हाय, बघायचं सुचलंच न्हाय. आमाला सुचलं न्हाय हीच चूक झाली असंल. मला वाटलं जखम भरली, संपलं. दर रविवारी तुमी परका माणूस हात धरणार ह्या धास्तीनं जात असाल, हे मला कसं कळावं? तुमी घरी येऊन नुसतं म्हणायचा, भाव पडलाय.

मला आता एक गोष्ट उलटी दिसाय लागलीय. मी रुमाल सारला तवा लोकं म्हणाली, तुझ्या दिराचा, बिरुदेवाचा मान गेला. तुमाला बी तसंच वाटलं. पण मी म्हणते, त्या रुमालात तुमचा मान हुता तरी कवा?

आता ऐका, हितं काय काय झालंय ते. गेल्या महिन्यात हुलजंतीच्या दोघी बायका माझ्या शेजारी मेंढरं घेऊन उभ्या राहिल्या. एकीचा नवरा गेलाय, एकीचा असून नसल्यागत. त्यांचा बी माल मी वरडते, त्यांना आवाज फुटत न्हाय अजून. आन काल विजयमाला आली! खोकणं दोघींनी बी सोडलंय. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला भावजी, तुमाला म्हाईत असणारच. हेडी लांबनं टोमणं मारत्यात, "बायकांचा भोंगा" म्हणत्यात. पण ज्यांना बोटं कळत न्हाईत ते सगळे गिऱ्हाईक आमच्याकडं येत्यात. सोलापूरचे, हाटेलवाले, ईदेला एकच बोकड-एडका घेणारे घरगुती लोक. सगळ्याच येळंला भाव मिळतो असं न्हाय. काल एका लंगड्या मेंढीला मी आठ वरडले, पाचानं गेली. पण पाचानं गेली ते सगळ्यांनी ऐकलं, मला घरी जाऊन कुणाला इचारावं लागलं न्हाय.

तुमच्याकडं चांगली एडकं हायत. श्रीपूरला ती ईदेला कुणी कापड टाकून घेऊन जाईल, आन तुमी पुन्यांदा 'व्हय व्हय' म्हणाल. नका देऊ. मेंढरं घेऊन घरी या. एक जूनचा रविवार ईदेआदीचा शेवटचा बाजार हाय.

तुमाला बोलायचं न्हाय तर नका बोलू. मेंढरं धरून माझ्यामागं उभं ऱ्हावा. वरडायचं काम माझं. हात खिशात ठेवा, काठीवर ठेवा, कोकराच्या पाठीवर ठेवा. आमच्यात त्यो कुणी धरत न्हाय.

वाट बघते.

तुमची वयनी
मायाक्का


श्रीपूर, धोंडिरामच्या हाटेलातनं
२८ मे

वयनीस,

डाव्या हातानं लिवतोय. वाकडं दिसंल.

तुमचं चारी कागद मिळालं. तिसरा वाचून तुमचा लई राग आला, दोन दिवस जेवलो न्हाय. चौथा धोंडिरामनं वाचून दाखवला, कारण मला वाचवंना. त्याच्या हाटेलात गिऱ्हाईक हुतं, सगळ्यांनी ऐकलं. ऐकू द्या.

सिद्रामप्पा बोलला ते खरं हाय. पर एक त्याला बी म्हाईत न्हाय. बोटं गेल्यावर पयल्या बाजारात त्यो न्हवता, दुसराच एक हेडी हुता. त्यानं रुमालात माझा हात धरला आन चाचपत बसला. जितं बोट न्हाय तितं चाचपलं. मग माझ्या तोंडाकडं बघून हसला. तेवढंच. पुढं कुणी बी हात धरला की त्योच हसतोय असं वाटायचं. हे मी विजयमालाला बी सांगितलेलं न्हाय. तुमी सांगा.

तुमची मेंढरं पडल्या भावानं दिली ती चूक माझी. त्याचं मी बघंन.

नंबर मोकळा केलाय. पर फोनवर मला हे बोलता आलं नसतं.

शनिवारी मेंढरं घेऊन येतो. रविवारी संगं जाऊ. माझा काळ्या तोंडाचा एडका तुमी आता बघितला न्हाय, ह्या तीन महिन्यात पाठीनं भरलाय. त्याचं तीस हजार. उसाचं वाडं खाऊन वाढलाय, मी रोज इचार करून आकडा काढलाय, तुमच्यागत मजुरी धरून. पुरी धरली, निम्मी न्हाय.

बाकीची तुमी वरडा. काळ्या तोंडाचा आला की सिद्रामप्पा पंचवीस म्हणंल. तवा तुमी गप ऱ्हावा वयनी, विजयमालाला बी गप बसवा.

मी बोलतो.

बिरुदेव